पारा विषारी असतो हे त्यांना ठाऊक नाही का?

पेरूच्या आग्नेय कोपऱ्यात, ब्राझील आणि बोलिव्हियाच्या सीमांना लागून असलेल्या माद्रे दे दिओस या प्रांतात मी सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनासाठी राहिले होते, आणि तिथे सोन्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याचा अभ्यास करत होते, एवढे सांगितले की पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: “अहो, पण पारा विषारी असतो हे त्या लोकांना ठाऊक नाही का?” विचारणारे सहसा सहृदय असतात, शिकलेले असतात, आणि माणसांना माहिती दिली की ती शहाणी होतात यावर त्यांचा विश्वास असतो. तुम्हीही विचारलेत म्हणून या वेळी जरा सविस्तर उत्तर देते.

थोडक्यात सांगायचे तर, जे पारा हाताळतात त्यांना तो विषारी आहे हे बऱ्यापैकी ठाऊक असते, आणि ज्यांच्या अंगात त्याचा सर्वांत घातक प्रकार सर्वाधिक साठतो त्यांच्यातल्या बहुतेकांनी पाऱ्याला कधी हातही लावलेला नसतो. प्रश्नातले “ते लोक” हे एक नाहीत, आणि ही फोड केल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही.

या प्रांतातले सोने अँडीज पर्वतातून नद्यांनी वाहून आणलेले आहे. ते खडकातल्या शिरांमध्ये नसते, तर नदीकाठच्या वाळूत पिठासारख्या बारीक कणांच्या रूपात विखुरलेले असते. पंपाच्या पाण्याने काठ फोडायचा, ती वाळू चटया अंथरलेल्या उतरत्या पन्हळीवरून सोडायची, चटईत अडकलेला जड काळा गाळ पिंपात घ्यायचा आणि त्यात पारा घालून तो मिसळायचा, अनेकदा चक्क पायांनी तुडवून. पारा सोन्याच्या कणांना धरतो. मग फडक्यातून जास्तीचा पारा पिळून काढतात आणि उरलेला गोळा आचेवर धरतात. पारा वाफ होऊन उडतो आणि सोने मागे राहते. आपल्याकडचे झारेकरी सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोने वेगळे करतात, तेही याच गुणधर्माच्या आधाराने. फरक आहे तो प्रमाणाचा. तिकडे धुतली जाते ती नदीकाठची अख्खी जमीन.

गोळा तापवताना निघणारी वाफ श्वासातून फुप्फुसात, तिथून रक्तात जाते आणि मेंदू व मूत्रपिंडांना इजा करते. हा धोका खाणकामगाराचा, आणि त्याहूनही अधिक सोने विकत घेणाऱ्या दुकानदाराचा, कारण आलेले सोने तो बंद खोलीत पुन्हा तापवतो. ही वाफ पकडून पारा परत मिळवणारे बंद भांडे मिळते आणि ते फार महागही नसते. तरीही ते सर्रास वापरले जात नाही, कारण त्याने वेळ जास्त लागतो आणि गोळा डोळ्यांसमोर तापताना दिसत नाही. भागीदारीच्या कामात सोने डोळ्याआड होणे कोणालाच नको असते. कुस्को आणि पुनोच्या डोंगराळ भागातून आलेल्या, कर्ज काढून पंप घेतलेल्या माणसाला वीस वर्षांनंतर हात थरथरतील असे सांगितले, तर तो ते नम्रपणे ऐकून घेतो.

दुसरा धोका वेगळ्या वाटेने जातो. पाण्यात पडलेला आणि हवेतून उतरलेला पारा प्राणवायू कमी असलेल्या चिखलात पोचला की तिथले जीवाणू त्याचे मिथिल-पाऱ्यात, म्हणजे वर म्हटलेल्या सर्वांत घातक प्रकारात, रूपांतर करतात. तो शेवाळ, किडे, लहान मासे आणि मोठे मासे असा वर चढत जातो आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. खाणीने सोडून दिलेले खड्डे पाण्याने भरले की या रूपांतराला उत्तम जागा मिळते. उपग्रहचित्रांवर आधारलेल्या एका अभ्यासानुसार १९८५ ते २०१८ या काळात खाणींमुळे या भागातल्या तळ्यांचे क्षेत्र सुमारे ६७० टक्क्यांनी वाढले.

संशोधक म्हणून मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट म्हणजे हे दोन धोके शरीरातही वेगळे वाचता येतात. वाफेतून गेलेला पारा प्रामुख्याने लघवीत सापडतो, तर माशांतून गेलेला मिथिल-पारा केसांत साठतो. म्हणून कामगाराची लघवी तपासायची आणि गावकऱ्याचे केस. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे डोक्याच्या मागच्या बाजूने, त्वचेलगत कापलेली एक बारीक बट म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या जेवणाची नोंदवही असते. अमेरिकेतल्या कार्नेगी या विज्ञानसंस्थेच्या प्रकल्पाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत प्वेर्तो माल्दोनादो या राजधानीतील तपासलेल्या प्रौढांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या केसांतला पारा संदर्भमर्यादेच्या वर होता, आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या माशांच्या १५ जातींपैकी ९ जातींमध्ये सरासरी प्रमाण मर्यादेबाहेर होते. शहरवासीयांपेक्षा अधिक प्रमाण आढळले ते आदिवासी वस्त्यांमध्ये. ज्यांचे मुख्य अन्न नदीतला मासा आहे, त्यांच्यात.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. केसांच्या एका ग्रॅममध्ये एक मायक्रोग्रॅम ही जी मर्यादा वापरली जाते, ती ओलांडली म्हणजे माणूस आजारी पडला असा तिचा अर्थ नाही. गर्भातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम दिसू लागण्याची जी पातळी अंदाजाने ठरवली गेली, तिच्या सुमारे एक दशांशावर, सावधगिरी म्हणून, ही रेषा आखलेली आहे. ती पातळी ठरवण्यातही वाद झाले. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या अभ्यासात मुलांच्या विकासावर परिणाम दिसला, तर हिंदी महासागरातल्या सेशेल्समध्ये तसा तो स्पष्ट दिसला नाही, आणि याचे एक संभाव्य कारण असे की माशात पाऱ्याबरोबर मेंदूला उपयुक्त स्निग्धाम्लेही असतात. घरोघरी निकाल सांगायला जाताना हे सगळे एका वाक्यात बसवणे मला कधीच नीट साधले नाही, आणि कोणाला साधत असेल असे वाटतही नाही.

कारण ऐकणारा साहजिकच विचारतो, “मग मासे सोडू का?” तर नाही. याच प्रांतातल्या आमाराकाएरी राखीव क्षेत्राभोवतीच्या वस्त्यांमधील मुलांच्या अभ्यासात केसांतला पारा आणि रक्तक्षय यांचा संबंध आढळला आहे. अशा मुलांच्या ताटातून प्रथिनांचा मुख्य स्रोत काढून घेऊन त्या जागी शेवया आणि पांढरा भात ठेवणे हा काही आरोग्यसल्ला नव्हे. मे २०१६ मध्ये पेरू सरकारने या प्रांतातल्या सर्व ११ जिल्ह्यांत पाऱ्यामुळे साठ दिवसांची आणीबाणी जाहीर केली आणि दूषित नसलेले अन्न पुरवण्याची घोषणा केली. जुलैत सरकार बदलले. पारा मात्र गाळात अनेक दशके टिकतो, आणि साठ दिवसांच्या योजनेला त्याच्याशी काही देणेघेणे असू शकत नाही. माझ्या मते त्या घोषणेचा खरा उपयोग एवढाच झाला की प्रश्न अधिकृतपणे मान्य झाला.

फेब्रुवारी २०१९ मध्ये हजाराहून अधिक पोलीस आणि सैनिक ला पाम्पा या भागात उतरले. ताम्बोपाता राष्ट्रीय राखीव क्षेत्रालगतची ही बेकायदा वस्ती महामार्गाला धरून वाढलेली होती. तिथली खोदाई झपाट्याने घटली आणि बरीचशी महामार्गाच्या पलीकडे, खाणकामाला परवानगी असलेल्या पट्ट्यात सरकली. पेरूने पाऱ्याच्या आयातीवर निर्बंध आणल्यावर शेजारच्या बोलिव्हियाची आयात वाढली, हेही त्याच जातीचे. २००१ मध्ये तीनशे डॉलरच्या आत असलेला सोन्याचा औंसाचा भाव २०११ मध्ये एकोणीसशेच्या घरात गेला होता. त्या चढत्या भावामागे लागलेली माणसे माहितीपत्रकांनी अडत नाहीत. आणि हे सोने कुठे जाते, असे कोणी विचारले तर आपल्यालाही जरा सावरून बसावे लागते: गेल्या दशकात पेरूचे सोने घेणाऱ्या मोठ्या देशांत भारत आहे. बेकायदा खोदलेले सोने कागदपत्रे जोडून कायदेशीर व्यापारात मिसळते, आणि एकदा ते वितळले की कोणता कण कुठल्या नदीचा हे सांगता येत नाही.

जंगलाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कोणी विचारत नाही. याच प्रांतातल्या लोस आमिगोस संशोधन केंद्राच्या परिसरातील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच, दाट झाडांची पाने हवेतला पारा धरून ठेवतात आणि तो पावसाबरोबर व पानगळीबरोबर जमिनीत उतरतो, असे त्यात दिसले. खाणीजवळच्या अस्पर्श जंगलात पडणारा पारा औद्योगिक क्षेत्रांतल्या उच्चांकांच्या तोडीचा होता. म्हणजे जे जंगल राखले, तेच पारा सांभाळून बसले आहे, आणि ते तोडले वा जाळले तर तो पुन्हा बाहेर येईल.

आता प्रत्यक्ष सांगण्याजोगे काय उरते? सुंगारो आणि दोन्सेया हे मोठे, इतर माशांवर जगणारे मासे आहेत आणि त्यांच्यात पारा अधिक असतो. तळाचा गाळ-शेवाळ खाणाऱ्या बोकिचिकोत तो कमी असतो, तळ्यात पाळलेल्या पाकोतही तसाच. आम्ही गावोगावी हेच सांगत होतो, चित्रांसह, गरोदर बायकांना आधी. शहरात मासा विकत घेणाऱ्यांना हे पाळणे जमते. जाळ्यात जे येईल ते खाणाऱ्या घराला अर्धेच जमते. मात्र मिथिल-पारा शरीरातून हळूहळू बाहेर पडतो आणि त्याचे प्रमाण साधारण दोन महिन्यांत निम्म्यावर येते. त्यामुळे पुढच्या बाळाचा विचार करणारी बाई आधीचे सहा महिने सुंगारो टाळू शकली, तर तिच्या केसांचा मुळाकडचा भाग टोकाकडच्या भागापेक्षा स्पष्टपणे कमी पारा दाखवतो. हा आकडा तिला समोर बसून दाखवता येतो, आणि तो तिच्या स्वतःच्या केसांचा असल्यामुळे त्यावर ती आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारते.