शाश्वततेचा अभ्यास आणि अंबडचे प्लेटिंग शॉप

नाशिकमधील एका व्यवस्थापन महाविद्यालयात 'व्यवसाय आणि पर्यावरण' हा विषय मी शिकवतो. या विषयावरचे आपल्याकडचे संशोधन बहुतेक वेळा कारखान्याच्या फाटकाबाहेरच थांबते, ही माझी जुनी तक्रार आहे. विद्यार्थी पाच पर्यायांची प्रश्नावली तयार करतो, गुगल फॉर्म व्हॉट्सॲपच्या गटांत फिरवतो, 'पर्यावरणाचे रक्षण महत्त्वाचे आहे' या विधानाशी सगळे 'पूर्णपणे सहमत' होतात (असहमत होणार तरी कोण?), आणि जागरूकता समाधानकारक असल्याचा निष्कर्ष काढून प्रकल्प अहवाल बाइंडिंगला जातो. त्या कारखान्याने महिन्याला किती पाणी वापरले, हे कोणी विचारलेलेच नसते.

वर्गातही फारसे निराळे घडत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५, म्हणजे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याची तरतूद, मुलांना तोंडपाठ असते. परंतु मिळालेल्या नफ्यातून झाडे लावणे वेगळे आणि तो नफा मिळवताना नाल्यात काय सोडले याचा हिशेब देणे वेगळे, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना 'बीआरएसआर' अहवाल, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, सक्तीचा केल्यामुळे अभ्यासासाठी आकडे मिळू लागले, हे खरे. मात्र नाशिक परिसरातील सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी जी असंख्य लहान युनिट्स आहेत, ती शेअर बाजारात नाहीत आणि त्यामुळे या अहवालांतही थेट दिसत नाहीत.

मागच्या तुकडीतील एका विद्यार्थिनीने म्हणूनच अंबडमधील जस्ताचे प्लेटिंग करणारे, म्हणजे धातूच्या भागांवर जस्ताचा मुलामा चढवणारे, एक छोटे युनिट निवडले. जॉब (म्हणजे मुलामा द्यायचे भाग) लावलेला रॅक प्लेटिंगच्या टाकीतून वर काढला की त्याला चिकटलेले द्रावण पुढच्या धुण्याच्या टाकीत उतरते. तेथून ते सांडपाणी प्रक्रियेकडे जाते, तेथे रसायने घालून धातू तळाशी बसवावा लागतो आणि उरलेला गाळ धोकादायक कचरा म्हणून पैसे मोजून पाठवावा लागतो. म्हणजे एकदा विकत घेतलेल्या जस्तासाठी मालक पुन्हा पैसे भरतो, आणि तेही ते गमावण्यासाठी. रॅक टाकीवरच काही सेकंद अधिक निथळू दिला तर बरेचसे द्रावण जागच्या जागी परत पडते. यासाठी नवे यंत्र लागत नाही. मग तसे का होत नाही, याचे उत्तर तिला तिथे दिवसभर उभे राहिल्यावरच मिळाले: ठेकेदाराच्या माणसांना मजुरी रॅकच्या संख्येवर मिळत होती, त्यामुळे निथळण्याचा प्रत्येक सेकंद त्यांच्या खिशातून जात होता.

हा रसायनशास्त्राचा प्रश्न राहिलाच नाही. तो मजुरीच्या पद्धतीचा, म्हणजे सरळसरळ आमच्या विद्याशाखेचा प्रश्न झाला. तिने मालकांना टाकीवर एक आडवी दांडी बसवायला सुचवले, जेणेकरून दुसरा रॅक भरला जाईपर्यंत पहिला तिथेच टांगून निथळेल आणि कोणाचाही खोळंबा होणार नाही. दांडी बसली, आणि धुण्याच्या टाकीतील पाणी पूर्वीपेक्षा उशिरा बदलावे लागू लागले. तोंडी परीक्षेत मात्र तिला पहिला प्रश्न आला तो नमुन्याचा आकार एकच का, म्हणजे एकच युनिट का अभ्यासले, असा. मला विचाराल तर एक टाकी नीट पाहणे हे दोनशे फॉर्म भरून घेण्यापेक्षा कठीण काम आहे.

असा बारीक हिशेब का ठेवायचा, हे द्राक्षपट्ट्यातून येणाऱ्या मुलांना लवकर कळते. २०१० मध्ये 'सीसीसी' या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, त्याची झळ त्यांच्या घरांना बसलेली आहे. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन तेव्हा नव्हते. यादीत नसलेल्या गोष्टीची किंमतही मोजावी लागते, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. आता तशीच विचारणा कारखान्यांकडे येते आहे. युरोपीय संघाची कार्बन सीमाशुल्काची यंत्रणा, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर शुल्क लावण्याची पद्धत, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली असून तिच्यात पोलादाबरोबर पोलादी नट-बोल्टही येतात, तेव्हा निर्यातदार आपल्या पुरवठादारांकडे उत्सर्जनाचे आकडे मागणारच.

त्यामुळे यंदा माझ्याकडच्या प्रकल्पांना प्रश्नावलीआधी बारा महिन्यांची वीजबिले, पाणीबिले आणि कचरा पाठवल्याच्या पावत्या जोडणे बंधनकारक केले आहे. आपल्या ग्रिडमधील विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरून पहिला हिशेब कोणालाही मांडता येतो. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांनी घरचीच बाग अभ्यासाला घेतली तरी चालेल. फक्त फवारणीची वही आणि ट्रॅक्टरच्या डिझेलच्या पावत्या मूळ स्वरूपात दाखवाव्या लागतील.