तुम्ही विचारलंत म्हणून: लाकडाचा दगड होतो तरी कसा?

आमच्या प्रयोगशाळेत येणारा जवळजवळ प्रत्येक जण ताडाच्या खोडाचा दगडी तुकडा हातात घेऊन हेच विचारतो. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: "आणि हे तुम्हाला कळतं कशावरून?"

खरं सांगायचं तर आमच्याकडच्या कित्येक नमुन्यांत लाकूड अजून जागेवरच आहे. दगड त्याच्या पेशींत भरला आहे, इतकंच.

मोहगाव कलानचा चर्ट, म्हणजे सिलिकेचा कठीण, बारीक कणांचा दगड घ्या. नागपूरच्या उत्तरेला, मध्य प्रदेशातलं हे गाव. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी इथल्याच जीवाश्मांवर काम केलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थांबत थांबत वाहत होता. मधल्या उसंतीत खोलगट जागी तळी साचली, काठाने ताड वाढले, पाण्यावर अझोला हे तरंगतं नेचं पसरलं. झिजणाऱ्या ज्वालामुखी खडकातली सिलिका, म्हणजे वाळू आणि काच जिची बनते ती, पाण्यात उतरली. बुडालेलं फळ पुरतं कुजायच्या आत ते पाणी पेशींत शिरलं. सिलिका आधी पेशीभित्तींना धरून बसली, मग पोकळ्या भरत गेल्या.

याला लाखो वर्षं लागली असतील असं वाटतं ना? सुरुवात मात्र झटपट व्हावी लागते. जपानमध्ये तातेयामाच्या गरम झऱ्यात ठेवलेल्या लाकडात सातेक वर्षांतच वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत सिलिका भरली होती. तिचं पक्कं क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, व्हायला मात्र फार मोठा काळ जातो.

आता पुरावा. चर्ट डायमंड कटरने कापायचा, कार्बोरंडमच्या खरखरीत पावडरीवर घासून सपाट करायचा आणि त्यावर थोडा वेळ हायड्रोफ्लोरिक आम्ल. हे आम्ल काचही खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या बाटलीत असतं. आम्ल अंगावर पडलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर ती बाटली आम्ही उघडतच नाही. आम्ल सिलिका विरघळवतं, सेंद्रिय भित्तींना हात लावत नाही. त्यामुळे भित्ती पृष्ठभागावर किंचित उभ्या राहतात. नमुना धुऊन वाळवायचा, वर असिटोन ओतायचं आणि असिटेटची पातळ पारदर्शक प्लास्टिक फिल्म अलगद टेकवायची. फिल्म मऊ होते, भित्तींना घट्ट धरते. सुकल्यावर सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की बीजाच्या सालीतली पेशीन् पेशी दिसते. हे पाहताना मला आजही भरून येतं. भित्तींचीही सिलिका झाली असती, तर बाकीच्या दगडाबरोबर त्याही विरघळल्या असत्या.

काही नमुन्यांची फिल्म कोरी निघते. तिथे मूळ भित्तीही गेल्या आणि त्यांची जागा सिलिकेने घेतली. मग पातळ काप करून पोकळीत थर कोणत्या क्रमाने बसले ते पाहायचं. ओपल, म्हणजे अजून क्वार्ट्झ न झालेली सिलिका, उरलंय की सगळं क्वार्ट्झ झालंय, ते एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे क्ष-किरणांनी खनिज ओळखायची चाचणी, सांगतं.

शेतात असा दगड सापडला तर कृपा करून तो पॉलिश करायला देऊ नका. नेमकी जागा लिहून ठेवा आणि भोवतीचा चर्टही राहू द्या. त्या तळ्यातल्या गोगलगायी बहुधा त्यातच असतात, आणि पाणी कसं होतं ते आम्हाला त्यांच्यावरूनच कळतं.