गवार निवडलेली चालेल, कांदा मात्र आपला आपण सांभाळायचा

डोंबिवली स्टेशनबाहेर रात्री साडेआठला गवार मोडून, शिरा काढून, पाव किलोचं पाकीट करून मिळते आणि मी ती घेते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा ते पाकीट बघितलं तेव्हा "आता आळसपण विकत मिळायला लागला का" असं म्हणाल्या होत्या. मी तेव्हा गप्प बसले. पण श्रावणात बिरड्यासाठी भिजवून, मोड आणून, सोललेले वाल त्या स्वतः कुठून आणतात? बाजारातूनच की! चिरलेला फणस, साफ केलेलं केळफूल, हे तर आपल्याकडे कधीपासून असंच विकत घेतात, कारण फणसाचा चीक हाताला आणि विळीला चिकटला की तेल लावून लावून जीव जातो. त्यावर कोणी कोणाला टोमणा मारत नाही. मग निवडलेल्या गवारीने नि मेथीनेच काय घोडं मारलंय?

माझी नेहमीची भाजीवाली आहे तिला एकदा विचारलं, एवढं निवडत बसतेस, परवडतं का. ती म्हणाली ताई, गाडी आली की पाच मिनिटं गर्दी, मग पुढची गाडी येईपर्यंत हात रिकामेच असतात ना. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपल्याला वाटतं हे सगळं आपल्या सोयीसाठी चाललंय, पण तिचा हिशोब वेगळाच. सकाळी आणलेली मेथीची जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते, बाहेरची पानं पिवळी पडतात, अशी जुडी कोणी हातात पण घेत नाही, पण तीच खुडून चांगली पानं पाकिटात भरली की जाते आणि चार पैसे जास्तच मिळतात. मटारचं तर आपल्याला माहितीच आहे, एक किलो शेंगा सोलल्या की दाणे अर्धा किलोपण धड भरत नाहीत, मग सोललेला महाग का म्हणून भांडण्यात अर्थ नाही (तरी मी भांडते).

अर्थात डोळे मिटून काहीपण उचलत नाही हं. पिशवीत आतून पाण्याचे थेंब जमलेले दिसले की ती पालेभाजी नको, आतून चिकट झालेली निघते. मेथी खुडलेली घ्यायची, सुरीने बारीक चिरलेली नाही. आणि घरी आणून धुवायचीच, चिरलेली भाजी धुतली की थोडा कस पाण्यात जातो हे खरं, पण स्टेशनची धूळ पोटात जाण्यापेक्षा ते बरं. कच्च्या कोशिंबिरीला मात्र मी चिरलेलं काही आणत नाही.

तर हे सगळं मिळतं माझ्या भाजीवालीकडे, पण चिरलेला कांदा नाही. ॲपवर मिळतो म्हणे, ती नाही ठेवत. "कांदा चिरला की बाकीच्या भाज्यांना पण त्याचाच वास, कोण घेणार?" बरोबर आहे. कांद्यावर सुरी फिरली की आतला उग्रपणा मोकळा होतो, डोळ्यातून पाणी येतं ते त्यामुळेच, आणि तासाभराने तो कांदा वेगळाच लागायला लागतो. म्हणून कांदा अख्खाच आणायचा, आणि अख्खा आणायचा म्हणजे साठवायचा, आणि इथे मी माती खाल्ली होती.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, नाशिकच्या ऐन कांद्याच्या पट्ट्यातलं. म्हणजे मला कांदा कळायला हवा ना? लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात दहा किलो कांदे प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिंकखाली, बटाट्यांच्या शेजारी ठेवले. पंधरा दिवसांत निम्मे सडले, उरलेल्यातले काही घाबरून फ्रीजमध्ये टाकले तर त्यांना मोड. दादाला फोन केला तर तो आधी पोटभर हसला. "अगं, कांदा साठवायची चाळ बघत मोठी झालीस ना तू? तिला खालून वारा, बाजूने वारा, मग घरात पिशवीला गाठ कशाला मारली?"

खरंच, कांदाचाळ म्हणजे तेवढंच तर असतं. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तळ, त्याला फटी, दोन्ही बाजूंना पट्ट्यांमधून हवा, आणि थर चार-पाच फुटांच्या वर नाही, नाहीतर खालचा दबतो. त्यात पण सगळा कांदा नाही टिकत. मार्च-एप्रिल-मेमध्ये निघतो तो उन्हाळी कांदा, शेतात पातीखाली सुकवतात, मान पिळदार सुकली की दोन-तीन सेंटीमीटर देठ ठेवून पात कापतात, तो चाळीत ऑक्टोबरपर्यंत जातो. पावसाळ्यातला लाल कांदा दिवाळीच्या आसपास यायला लागतो, तो पाणीदार, त्याची साठवण करायच्या भानगडीत पडायचं नाही, आठवड्याला लागेल तेवढाच आणायचा.

फ्रीजचं कोडं पण दादानेच सोडवलं. कांदा एकतर पार शून्य अंशाजवळ झोपतो, नाहीतर पंचवीस-तीस अंशाच्या कोरड्या उबेत. मधल्या गारव्यात तो जागा होतो, आणि आपला फ्रीज नेमका मधलाच! वर आत ओल. बटाटा पण ओल सोडतो म्हणून त्याची टोपली लांब.

आता मेमध्येच दहा किलो आणते, जाड मानेचे, जोडकांदे आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) बाजूला काढून आधी संपवते. बाकीचे बांबूच्या टोपलीत, खाली विटा, खिडकीजवळ पण उन्हात नाही, आणि दर रविवारी वरखाली करते कारण एक सडका शेजारचे चार घेऊन जातो. सालीवर काजळी दिसली तर वरचे एक-दोन पापुद्रे काढून धुते, आत मऊ असेल तर सरळ फेकते. अर्धा चिरलेला उरला तर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपवायचा.

आणि मार्चमध्ये अलिबागला गेलो तर पांढऱ्या कांद्याची माळ. त्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पात सुकवून वेणी घातलेली ती माळ खिळ्याला टांगली की झालं, चारी बाजूंनी वारा. सासूबाईंनी यंदा ती स्वतःच देवघराबाहेर टांगली, आणि येता-जाता त्यातला एकेक कांदा जेवताना फोडायला त्याच काढतात, रविवारी मोजायला गेले तर निम्मी माळ गायब.