सुपीरिअरच्या बेटावर आई आणि मी

लेक सुपीरिअर म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं अवाढव्य सरोवर, त्याचं पाणी वर्षाची सरासरी काढली तर ४ अंशाच्या आसपास असतं हे वाचलं होतं, पण त्यात पाय घातल्यावर नडगीपर्यंत जी कळ जाते ना, ती सोलापुरात बसून कळणं शक्य नाही. भाऊ मिनियापोलिसला असतो, आईला घेऊन जुलैत त्याच्याकडे गेलेलो, तिथून गाडीने चारेक तासांवर विस्कॉन्सिनच्या वरच्या टोकाला बेफिल्ड म्हणून छोटं गाव आहे आणि तिथून बोटी सुटतात याच सरोवरातल्या अपोसल आयलंड्सला. २१ बेटं आणि किनाऱ्याची एक पट्टी, १९७० साली यातलं जवळजवळ सगळं सरकारने राखीव केलं, एक बेट १९८६ मध्ये जोडलं, गेलॉर्ड नेल्सन नावाचे सिनेटर त्यासाठी कितीतरी वर्षं मागे लागले होते.

आम्ही स्टॉकटन बेटावर उतरलो. धक्क्यावरून झाडीतून थोडं चाललं की ज्युलियन बे, आणि तिथली वाळू पाय घासत चाललं की आवाज करते, खरंच करते. आई चपला हातात घेऊन त्याच पट्ट्यावरून परत परत चालत होती, "ऐक की रे, बोलतीय बघ". मग तिथेच बसून कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाल्ली. बेटावर काळी अस्वलं आहेत त्यामुळे खाण्याचं काहीच मागे ठेवायचं नाही, आईने वाळूत सांडलेला भाकरीचा चुरासुद्धा बोटांनी वेचून पिशवीत भरला.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. ही बेटं काय आधीपासून अशी राखलेली नव्हती हो, १९व्या शतकात इथे तपकिरी दगडाच्या खाणी होत्या, मोठमोठ्या शहरांतल्या इमारतींना इथला दगड गेला, लाकडासाठी जंगलं तोडली, स्टॉकटनवर पण खाण होती. आज तिथे इतकी दाट झाडी आहे की सांगितल्याशिवाय कळत नाही. २००४ मध्ये तर उद्यानाच्या जमिनीपैकी ८० टक्के भागाला कायद्याने अजून कडक संरक्षण दिलं, नवीन रस्ता नाही, हॉटेल नाही, काही नाही. माणसाने हात काढून घेतला आणि जंगल आपलं आपण परत आलं.

तेव्हापासून सोलापूरजवळचा हिप्परग्याचा तलाव डोक्यातून जात नाही. १८७१ चा तलाव आपला, थंडीत पट्टकदंब नावाचे हंसासारखे पक्षी हिमालय ओलांडून तिथे उतरतात, आणि काठावर काय दिसतं तर थर्माकोलच्या प्लेटा, बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्या. खाणीतून दगड काढलेलं बेट सावरतं तर हा काठ का नाही सावरणार, फक्त एवढा पट्टा सोडून द्या म्हणायला कोणीतरी मागे लागायला पाहिजे, नेल्सनसारखं, वर्षानुवर्षं. आम्ही काही जण थंडीत रविवारी सकाळी तिकडे पक्षी बघायला जातो, यंदा काठ पण साफ करायचा ठरवलंय, कोणाला यायचं असेल तर सांगा.