घरभाड्याचे पत्र आणि युरोपातील पुरोगामी

२०२३ च्या एप्रिलमध्ये आमच्या इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कचेरीकडून एक पत्र आले. ऑस्ट्रियात जुन्या इमारतींचे नियंत्रित भाडे महागाईच्या निर्देशांकाला बांधलेले असे, आणि त्या वर्षी ते ८.६ टक्क्यांनी वाढले होते. पत्रात जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख एवढेच होते. दिलगिरी नव्हती, कारण कायद्याने ती लागत नाही. त्याच संध्याकाळी दूरचित्रवाणीवर एक समाजवादी नेते युरोपीय मूल्यांच्या रक्षणाबद्दल बोलत होते. त्यांचा शब्द न् शब्द मला पटत होता, पण माझी नजर पुन्हा पुन्हा टेबलावरच्या त्या पत्राकडे जात होती.

बारा वर्षे व्हिएन्नात राहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. युरोपातील पुरोगामी पक्षांनी या अस्थिर काळात पहिला अग्रक्रम घराला द्यावा, आणि घरासाठी सार्वजनिक पैसा खर्च करण्याच्या आड येणाऱ्या नियमांना दुसरा. इतर सारे महत्त्वाचे आहे, परंतु ते या दोहोंच्या पाठीमागून यावे. अग्रक्रम ठरवण्याची गरजही संख्याबळामुळेच आली आहे. जून २०२४ च्या निवडणुकीनंतर युरोपीय संसदेतील ७२० जागांपैकी समाजवादी गटाला १३६, हरित गटाला ५३ आणि डाव्यांना ४६ मिळाल्या. तिन्ही मिळून २३५, म्हणजे एक तृतीयांशही नाहीत. एवढ्या बळावर वीस मागण्यांचा जाहीरनामा घेऊन फिरणाऱ्याच्या हाती शेवटी वीस निषेधपत्रकेच उरतात.

घर म्हटले की व्हिएन्नाचे उदाहरण सगळेच देतात, पण त्यातील पैशाचा भाग बहुधा गाळला जातो. हायलिगेनश्टाट स्थानकाबाहेर पडले की समोर कार्ल-मार्क्स-होफ ही वसाहत दिसते. लांबी एक किलोमीटरहून अधिक, बांधकाम १९२७ ते १९३०, घरे जवळपास चौदाशे. तिच्या आवारात धुलाईघरे, बालवाड्या आणि वाचनालय होते, आणि जमिनीचा बहुतेक भाग अंगणांसाठी मोकळा ठेवलेला होता. मी गिरणगावातील चाळीत, एका खोलीत सात माणसांत वाढले. मुंबईतील बीडीडी चाळीही १९२० च्या दशकातच उभ्या राहिल्या, ही गोष्ट ठाऊक असल्यामुळे ती वसाहत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सर्वप्रथम संडास कोठे आहेत हे विचारले. ते प्रत्येक घरात होते.

अशा वसाहतींच्या भिंतींवर लाल अक्षरांत एक वाक्य कोरलेले असते : व्हिएन्ना नगरपालिकेने हे घरबांधणी कराच्या पैशातून बांधले. हा कर १९२३ साली ह्युगो ब्राइटनर या अर्थप्रमुखाने लावला. तो लहान घरावर नाममात्र होता, तर हवेल्यांवर इतका चढा होता की सर्वांत महागड्या अर्ध्या टक्का मालमत्तांकडून चाळीस टक्क्यांहून अधिक उत्पन्न येत असे. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे झाली. फेब्रुवारी १९३४ मध्ये, संसद मोडीत काढून हुकूमशाही चालवणाऱ्या चान्सेलर डॉलफुस यांच्या सरकारच्या सैन्याने याच कार्ल-मार्क्स-होफवर तोफा डागल्या. घर आणि लोकशाही हे दोन वेगळे विषय आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी ती तारीख ध्यानात ठेवावी.

शहराने ही घरे कधी विकली नाहीत. आज नगरपालिकेची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत; मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांची घरे त्यात मिळवली तर जवळपास निम्मे शहर बाजाराच्या थेट कचाट्याबाहेर राहते. शेजारच्या जर्मनीने उलटी वाट धरली. बर्लिनने २००४ साली आपल्या एका गृहनिर्माण कंपनीची सुमारे ६५ हजार घरे ४० कोटी युरोंच्या आसपास रोख घेऊन, कंपनीवरील कर्जासह, गुंतवणूकदारांना दिली. ड्रेस्डेनने २००६ साली सुमारे ४८ हजार घरे एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकली आणि आपण कर्जमुक्त झाल्याचा आनंद साजरा केला. २०२१ साली बर्लिनने जेमतेम १५ हजार घरे परत विकत घेतली तेव्हा मोजावे लागले जवळपास अडीचशे कोटी युरो. पहिल्या विक्रीच्या वेळी बर्लिनमध्ये सत्तेवर होते सामाजिक लोकशाहीवादी आणि डावे, हे मुद्दाम सांगते, कारण पुरोगाम्यांच्या चुकांची यादी त्यांच्या विरोधकांनीच का ठेवावी?

येथपर्यंत प्रश्न शहरांचा होता. पुढे तो ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा होतो. स्पर्धेच्या नियमांनुसार सरकारी मदत मिळणारी घरे प्रामुख्याने दुर्बल घटकांसाठीच असावीत, असा संघाचा कारभार चालवणाऱ्या युरोपीय आयोगाचा आग्रह होता. नेदरलँड्समध्ये मध्यमवर्गालाही सामावून घेणारी मोठी सामाजिक गृहव्यवस्था होती. तिला २००९ च्या निर्णयानंतर उत्पन्नाची मर्यादा घालून घ्यावी लागली. परिणाम व्हायचा तोच झाला. शिक्षिका, परिचारिका, ट्रामचालक ही मंडळी सामाजिक घरासाठी श्रीमंत आणि खुल्या बाजारासाठी गरीब ठरली. केवळ गरिबांसाठी बांधलेल्या घरांच्या बाजूने पुढे मत देणारेही फक्त गरीबच उरतात, आणि त्यांच्यातील अनेकांना तर मताधिकारच नसतो. डिसेंबर २०२४ पासून युरोपीय आयोगात प्रथमच गृहनिर्माणाचे खाते आले, ते डेन्मार्कच्या डॅन योर्गेनसेन यांच्याकडे आहे, आणि सरकारी मदतीचे हे नियम सैल करण्याची हालचालही सुरू झाली. पुरोगामी गटांनी आपली सारी ताकद येथे लावावी, कारण या बदलाने राष्ट्रीय पातळीवर हरलेल्या पक्षांच्या महापौरांनाही काही करून दाखवता येईल.

आता तिजोरीकडे येऊ. राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत वार्षिक तूट ३ टक्के आणि कर्ज ६० टक्के ही युरोपीय संघाची मर्यादा म्हणजे दगडावरची रेघ आहे, असे आम्हाला वर्षानुवर्षे सांगण्यात आले. मार्च २०२५ मध्ये आयोगाने संरक्षणखर्चासाठी त्याच रेघेला बगल दिली : सदस्य देशांना चार वर्षे दरसाल राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीड टक्क्यापर्यंत जास्तीचा खर्च करण्याची मुभा देऊ केली. त्याच महिन्यात जर्मनीने राज्यघटना बदलून संरक्षणाला कर्जमर्यादेतून बरेचसे मोकळे केले आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी उभारला. रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर संरक्षणखर्च वाढवणे मला अवाजवी वाटत नाही. शांततावादाच्या नावाखाली कीव्हकडे पाठ फिरवणाऱ्या डाव्यांशी माझे जमत नाही. परंतु नियम वाकू शकतो हे एकदा सिद्ध झाल्यावर तो कोणासाठी वाकावा हा प्रश्न विचारण्याचा हक्क नागरिकांना आहे. रणगाडा म्हणजे गुंतवणूक आणि शंभर वर्षे टिकणारी वसाहत म्हणजे उधळपट्टी, हे गणित अर्थशास्त्राच्या कोणत्या पुस्तकातून आले?

हा प्रश्न हवेतला नाही. तूट मर्यादेबाहेर गेल्याबद्दल ऑस्ट्रियावर जुलै २०२५ पासून युरोपीय संघाची कारवाई चालू आहे, आणि व्हिएन्नाची स्वतःची तिजोरीही तुटीत आहे. २०१२ पासून येथे सार्वजनिक वाहतुकीचा वार्षिक पास ३६५ युरोंना मिळत असे. दिवसाला एक युरो हे इतके सोपे गणित होते की माझ्या आईलासुद्धा मी ते दूरध्वनीवर अभिमानाने सांगितले होते. जानेवारी २०२६ पासून त्या पासाची किंमत ४६७ युरो झाली. माझी मोटार नाही, म्हणजे मोटार न वापरून पर्यावरण राखणाऱ्या माणसाच्याच पाकिटातून ही दरवाढ वसूल होते.

पर्यावरणाबाबत मला एवढेच म्हणायचे आहे की आधी भरपाई द्यावी आणि मग किंमत वाढवावी. इंधनकराच्या प्रश्नावर नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्सभर पिवळी जाकिटे घातलेले आंदोलक रस्त्यावर उतरले, आणि महिन्याभरात सरकारने नियोजित करवाढ मागे घेतली. घरे तापवण्याच्या आणि वाहनांच्या इंधनावर कार्बनची किंमत लावणारी युरोपीय योजना २०२७ ला सुरू व्हायची होती. सदस्य देशांच्या धास्तीने ती वर्षभर पुढे ढकलण्याचे ठरले. ज्या भाडेकरूला इमारतीचा बॉयलर बदलण्याचा अधिकारच नाही, त्याला महागड्या गॅसने कोणता धडा द्यायचा?

स्थलांतराच्या प्रश्नावर उजव्यांचीच भाषा बोलावी, असा सल्ला पुरोगाम्यांना सतत मिळतो आणि डेन्मार्कचा दाखला दिला जातो. तेथील सामाजिक लोकशाहीवाद्यांनी ते केले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये शंभराहून अधिक वर्षे हाती असलेले कोपनहेगनचे महापौरपद गमावले. घरभाडे हाही तेथील प्रचाराचा मोठा विषय होता.

माझ्या युक्तिवादात एक मोठे भोक आहे, आणि ते मला माझ्या खिडकीतून दिसते. मी फावोरिटेन या जिल्ह्यात राहते. समोर नगरपालिकेची वसाहत आहे. स्वस्त आणि कायमची घरे असूनही फावोरिटेन, झिमरिंग, फ्लोरिड्सडोर्फ या कामगारवस्तीच्या जिल्ह्यांत अतिउजव्या फ्रीडम पार्टीला शहराच्या सरासरीपेक्षा अधिक मते पडतात. झिमरिंगचे जिल्हाप्रमुखपदही २०१५ साली त्यांनी जिंकले होते. समोरच्या वसाहतीत एक आजी राहतात. माझ्या मुलीचे जर्मन त्यांनी सुधारले, त्यामुळे आमचे येणेजाणे आहे. एकदा मी त्यांची जड टोपली धुलाईखोलीपर्यंत नेली. दारावर कोणाची वेळ कोणती याचा तक्ता होता आणि त्याखाली, यंत्रातील गाळणी साफ न करणाऱ्यांसाठी, कोणीतरी चार भाषांत चिडून लिहिलेली चिठ्ठी होती. आजींनी ती वाचली नाही, पण तक्त्यावरील नावे मात्र एकेक करून वाचली. मग म्हणाल्या, “माझ्या आईला हे घर एकोणीसशे बावन्नमध्ये मिळालं. माझी लेक दोन मुलं घेऊन खासगी घरात तीन-तीन वर्षांच्या करारावर राहते. ही सगळी नावं आत आली कशी, सांगा बरं.”

त्यांना मी उत्तर दिले नाही; तेव्हा सुचलेही नव्हते. उत्तर घरांसाठीच्या प्रतीक्षायादीत आहे, तक्त्यावरील नावांत नाही, हे घरी आल्यावर लक्षात आले. २००४ ते २०१५ या काळात शहराने नवी नगरपालिका वसाहत बांधायला घेतलीच नाही, आणि त्याच काळात लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. रांग लांबली की माणूस पुढच्या पाठीकडे बोट दाखवतो, खिडकी कोणी बंद केली हे विचारत नाही.

२७ एप्रिल २०२५ रोजी व्हिएन्नाच्या महापालिकेची निवडणूक झाली. आजींचा गुडघा दुखत होता म्हणून मी त्यांना शाळेतील मतदान केंद्रापर्यंत नेले आणि स्वतः बाहेर बाकावर बसले. भारतीय पारपत्र सोडायला माझे मन धजत नाही आणि दोन नागरिकत्वे भारत मान्य करत नाही, ऑस्ट्रियाही सहसा करत नाही; म्हणून मला मत नाही. येथील मतदानाच्या वयाच्या रहिवाशांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक असेच बाहेर बसलेले असतात. समाजवादी ३९ टक्क्यांवर जिंकले, फ्रीडम पार्टी २० टक्क्यांवर दुसरी आली. आजींनी कोणाला मत दिले हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी पिशवीतून लेकीच्या घराच्या अर्जाचा कागद काढला आणि त्यावरचा नोंदणी क्रमांक मला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला, कारण चष्मा त्या मतदानकक्षात विसरून आल्या होत्या.