हात न टेकता

आज सकाळी खुर्चीतून हात न टेकता सलग 12 वेळा उठले-बसले. वयाच्या 67व्या वर्षी! तीन महिन्यांपूर्वी चौथ्या वेळेलाच मांड्या थरथरायच्या आणि हात आपोआप खुर्चीच्या दांड्याकडे जायचा. आज तो गेलाच नाही. डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

इतकी वर्षं मी फक्त चालत होते. चालणं उत्तमच, पण तिशीनंतर स्नायू दर दशकात साधारण 3 ते 8 टक्के कमी होत जातात, साठीनंतर आणखी वेगाने. ते टिकवायला ताकदीचा व्यायामच लागतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम, 2 दिवस स्नायूंसाठी आणि पासष्टीनंतर 3 दिवस तोल सांभाळण्यासाठी द्यायला सांगते. मी दात घासताना एका पायावर उभी राहते, बेसिनला एक बोट लावून.

खाण्यात बदल एकच, प्रत्येक जेवणात प्रथिनं. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

संध्याकाळी नातीला जमिनीवरून उचलून कडेवर घेतलं. "आजी, अजून एकदा!" म्हणाली. घेतलं.