बी२७ पॉझिटिव्ह आहे, मग आजार होणारच का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. एचएलए-बी२७ तपासणीचा अहवाल घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "पॉझिटिव्ह आलंय डॉक्टर, म्हणजे पाठीचा तो आजार मला होणारच ना?"

घात होतो तो 'पॉझिटिव्ह' या शब्दाने. रक्तात जंतू सापडावा तसे येथे काहीच सापडलेले नसते; जन्मापासून अंगात असलेल्या एका जनुकाचा प्रकार तेवढा कळलेला असतो, रक्तगट कळावा तसा. पाठीच्या त्या आजाराशी, म्हणजे मणक्यांचे सांधे सुजून पाठ आखडवणाऱ्या अँकायलोझिंग स्पाँडिलायटिसशी, त्याचा संबंध १९७३ मध्ये उघड झाला. युरोपीय वंशाच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत हा प्रकार आढळतो, पण हेच वाक्य उलटे वाचले की गफलत होते, कारण बी२७ असलेल्या शंभर जणांपैकी आजार होणारे मोजकेच असतात. (आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा आजार असेल, तर शक्यता बरीच वाढते.)

एचएलए जनुकांपासून बनणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर राहून, आत कोणती प्रथिने तयार होत आहेत याचे नमुने रोगप्रतिकारक यंत्रणेतील टी पेशींना दाखवतात. बी२७ सारख्या प्रथिनाला एक खाच असते आणि तिच्यात साधारण नऊ अमिनो आम्लांचा (प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांचा) तुकडा बसतो. खाचेची घडण माणसागणिक वेगळी असल्याने कोणाची पेशी कोणता तुकडा दाखवणार, हेही वेगळे ठरते. बी२७च्या खाचेला तुकड्यात दुसऱ्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल लागते. एचआयव्हीच्या गाभ्यातील प्रथिनाचा एक तुकडा तिच्यात चपखल बसतो. टी पेशींच्या नजरेतून निसटायचे तर विषाणूला तेच आर्जिनिन बदलावे लागते आणि ते बदलले की त्याची स्वतःचीच वाढ मंदावते. त्यामुळे बी२७ असलेल्या अनेकांत हा संसर्ग संथपणे पुढे सरकतो. ज्याला आपण 'खराब जनुक' म्हणून मोकळे होतो, त्याची ही दुसरी बाजू आहे.

हीच खाच मणक्यांत नेमके काय बिघडवते, यावर अजून एकमत नाही. तुकडे खाचेच्या मापाने कापणाऱ्या ईआरएपी१ या विकराच्या (एन्झाइमच्या) प्रकारांनुसार धोका कमी-अधिक होतो, पण तो फरकही मुख्यतः बी२७ असलेल्यांतच दिसतो.

म्हणून मी अहवाल बाजूला ठेवून विचारतो: सकाळी पाठ अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेली राहते का, हालचालीने मोकळी होते का, पहाटे दुखण्याने जाग येते का? उत्तरे 'नाही' आली, तर कागद फाइलमध्ये ठेवायला सांगतो.